फळ्यावरची तारीख

काकूंच्या पाळणाघराच्या दारात एक फळा टांगलेला असायचा. शाळेत असतो तेवढा मोठा नाही, हातभराचाच. त्यावर रोज सकाळी खडूनं त्या दिवसाचं खाणं लिहिलेलं असे. वरणभात, भेंडी, चार वाजता नाचणीची खीर. त्याखाली एक आडवी रेघ आणि रेघेखाली सूचना: उद्या जादा कपडे पाठवणे. गुरुवारी पाणी नाही. कुणाचा तरी डावा बूट सापडला आहे.

कर्वेनगरातलं तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. त्यात सोळा मुलं, काकू आणि दोन मावश्या. आम्ही आईबाप एकमेकांना नावानं ओळखत नव्हतो. निळ्या दप्तराची आई, बुलेटवाले बाबा, रडक्याचे आजोबा, अशी आमची ओळख. एक होती स्कार्फवाली. पुण्यात दुचाकीवर बसणाऱ्या सगळ्याच बायका स्कार्फ बांधतात, पण ही रिक्षातून उतरतानाही डोळ्यांपर्यंत गुंडाळलेली असायची. धुळीचा त्रास असावा. तिची चार वर्षांची मुलगी काकूंकडे होती आणि दुसऱ्या वेळी दिवस गेले होते. दीड वर्ष रोज भेटूनही मी तिचे फक्त डोळे पाहिले होते.

मी एका बँकेत नोकरीला. मुलगा नऊ महिन्यांचा असल्यापासून काकूंकडे.

2018 च्या ऑगस्टमध्ये रेघेखाली एका बुधवारी लिहिलेलं दिसलं: ‘दोन मुलांना तोंड आले आहे व हातापायांवर पुरळ आहे. डॉक्टरांनी हँड-फूट-माउथ सांगितले. मुलांची नखे कापून पाठवणे.’ रडक्याचे आजोबा ते वाचून हादरले. त्यांचं बालपण गुरांच्या गोठ्यात गेलेलं, त्यांना ते लाळ्या-खुरकूत वाटलं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही हे त्यांना पटवण्यात माझी दहा मिनिटं गेली. तोवर माझ्या ध्यानात आलं की पहिलं मूल सोमवारीच आजारी पडलेलं होतं. सोमवारी कळलेलं बुधवारी लिहिलं.

मी काकूंना दारातच गाठलं. चांगली भांडले. काकूंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “अगं, सोमवारी तिची आईच म्हणत होती की दात येतायत म्हणून तोंड आलंय. डॉक्टरांकडे नेलं बुधवारी. मी सोमवारी काय लिहू, मला शंका येतेय असं?”

मला ते पटलं नव्हतं. मी वाचून गेले होते. हा विषाणू तोंडातल्या लाळेत असतो, फोडांतल्या पाण्यात असतो आणि मूल बरं झाल्यावरही कित्येक आठवडे शौचातून बाहेर पडत राहतो. बाटलीतल्या सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही, त्याला साबण आणि वाहतं पाणी लागतं. म्हणजे एक मूल घरी बसवून साथ थांबेलच असं नाही, पण कळलं तर लंगोट बदलणारे हात तरी नीट धुतले जातील. हे मी मोठ्या तावातावानं सांगितलं. काकूंनी दुसऱ्याच दिवशी बेसिनजवळ दोरीला बांधून साबणाच्या दोन वड्या टांगल्या. एक मुलांच्या उंचीवर, एक मोठ्यांच्या.

वर त्यांनी मलाच कामाला लावलं. “तुझं अक्षर चांगलं आहे, एकदा नियम लिहून दे.” मी लिहिले. बँकेत ड्राफ्टवर लिहायचे तशा गोल, सुट्या अक्षरात. ताप, पुरळ, जुलाब, डोळे येणे यांपैकी काहीही आढळल्यास मुलास पाठवू नये. प्रथम लक्षण दिसताच, त्याच दिवशी, फोन करून कळवावे. ‘त्याच दिवशी’ खाली मी दोन रेघा मारल्या होत्या. काकूंनी तो कागद लॅमिनेट करून फळ्याशेजारी लावला.

त्या साथीतली एक गोष्ट मला इथे लिहायलाच हवी. आजारी मुलांची नावं फळ्यावर नव्हती, पण सोळांतली दोन मुलं आली नाहीत की नावं वेगळी लिहावी लागत नाहीत. तरी आजार ‘आला कुठून’ हे ठरवायचं होतंच. फाटकाशी उभं राहून आम्ही ते ठरवलं. धाकट्या मावशींची नात दुपारी शाळा सुटल्यावर तासभर तिथे येऊन बसायची, कोपऱ्यात अभ्यास करायची. ती वस्तीत राहते, तिकडूनच आलं असणार. असं कोण पहिल्यांदा म्हणालं ते आठवत नाही. मी म्हणाले नव्हते, पण मान हलवली होती. नात यायची बंद झाली. पुढे कळलं की आजारी पडलेली पहिली मुलगी थायलंडची सहल करून आली होती. नात मात्र परत आली नाही.

माझ्या आजीच्या वेळी ही भानगड नव्हती. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी घरात कुणाला कांजिण्या आल्या की दाराला लिंबाचा डहाळा लागायचा. आजी ‘आजार’ म्हणायची नाही, ‘बाया आल्यात’ म्हणायची. घरात फोडणी द्यायची नाही, तळण नाही. अंगाला लिंबाचा पाला फिरवायचा आणि खपल्या धरल्या की त्याच पाल्याच्या पाण्यानं आंघोळ. देवीची भीती होती म्हणून हे सगळं चाले, पण डहाळ्याचं खरं काम दुसरंच होतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला न विचारता कळत होतं की या घरात आज जायचं नाही. तान्हं कडेवर असलेली बाई डहाळा पाहून पलीकडच्या कडेनं जायची. कुणाला कमीपणा वाटत नसे, कारण आलेली देवी होती. पाहुणी घरी आल्याचं लपवतं कोण?

वडील सांगतात, त्यांच्या तरुणपणी गावातल्या भिंतींवर गेरूनं रंगवलेलं असायचं की देवीचा रोगी दाखवा आणि बक्षीस घ्या. ते बक्षीस वाढत वाढत 1975 मध्ये हजार रुपयांवर गेलं. तेव्हाचे हजार म्हणजे शेतमजुराच्या घराची कित्येक महिन्यांची कमाई. देवी डॉक्टर, म्हणजे लस टोचणारे, सायकलवरून यायचे आणि शाळेत मुलांना देवी आलेल्या माणसाचं चित्र दाखवून विचारायचे, असा माणूस कुठे पाहिला का? रोग आटोक्यात आला तो लशीनं, पण शेवटचे रोगी सापडले ते कुणीतरी सांगितलं म्हणून. सांगणाऱ्याला सरकारनं पैसे मोजले. माणूस आपणहून सांगत नाही, हे सरकारला ठाऊक असणार.

पुण्याला तर ते 1897 पासून ठाऊक आहे. प्लेगच्या साथीत गोरे सोजीर घराघरात शिरून रोगी शोधायचे, रोगी आणि त्याची माणसं वेगवेगळ्या छावण्यांत न्यायचे, सामान रस्त्यावर काढून जाळायचे. लोक आजारी माणसं लपवत होते, मेलेलीही लपवत होते. रँडच्या खुनाची गोष्ट आपण शाळेत शिकतो, या लपवण्याची शिकत नाही. त्याच साथीत 10 मार्चला सावित्रीबाई गेल्या, मुंढव्याकडच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवरून दवाखान्यात आणताना लागण होऊन. एकाच शहरात, एकाच महिन्यात, कुणी मूल लपवत होतं आणि कुणी पाठीवर घेत होतं. लपवणाऱ्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही. त्यांच्या दारात बंदूकधारी शिपाई उभे होते. माझ्या दारात कुणी नव्हतं.

मंगळवार, 12 मार्च 2019. मार्चअखेरची धामधूम आणि वर ऑडिट. नवरा नाशिकला साइटवर, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मुलाला आंघोळ घालताना छातीखाली तीन लाल ठिपके दिसले. दोन साधे. तिसऱ्याच्या मध्यावर पाण्याचा थेंब ठेवावा तसा बारीक फोड.

मी त्याच्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, “घामोळं आलं वाटतं पिल्लूला.” बाथरूममध्ये आम्ही दोघंच होतो. ते मी कुणाला ऐकवत होते?

अंग कोमट होतं. पॅरासिटामॉलचं पाच मिली सिरप दिलं. मग कपाटातून पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणं असलेला शर्ट काढला. पुण्यात मार्चमध्ये अडीच वर्षांच्या मुलाला पूर्ण बाह्यांचा शर्ट कुणी घालत नाही. बाकी सगळं मला ‘लक्षात आलं नाही’ म्हणून खपवता आलं असतं, तो शर्ट नाही. बुधवारी पाठीवरही ठिपके होते. तसाच दुसरा शर्ट घातला.

साहेबांना रजा मागायचा विचार केला नाही असं नाही. बाळंतपणाला आता सव्वीस आठवडे रजा मिळते, 2017 च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करायला सांगितलं आहे. माझ्या शाखेत आम्ही बावीस जण. आणि मूल अडीच वर्षांचं झाल्यावर त्याला कांजिण्या येतील, हे कायद्याच्या कुठल्या कलमात धरलेलं नाही. त्या जानेवारीत मी त्याच्या सर्दीतापासाठी सहा रजा संपवल्या होत्या. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही, खाजगीत महाग पडते, म्हणून ‘पुढच्या महिन्यात’ करत ती लांबवली होती. ही सगळी कारणं खरी आहेत.

गुरुवारी दुपारी काकूंचा फोन आला. “ये.” धाकट्या मावशींनी, मुलगा घामानं चिंब झाला म्हणून, शर्ट काढला होता.

काकूंनी मला आत घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, “सकाळी होतं का गं हे?”

“नाही हो काकू. सकाळी काहीच नव्हतं.”

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. माझ्यासमोर खडू घेऊन रेघेखाली लिहिलं: ‘एका मुलाला कांजिण्या. प्रथम लक्षण गुरुवार दि. 14.’ माझ्याच नियमाप्रमाणे तारीख लिहिली. मग बोट मोडत हिशेब केला, कारण सोळा घरांना फोन करायचे तर आधी कुणाला ते ठरवायला हवं. “फोड दिसायच्या आधी एक-दोन दिवस लागण होते म्हणतात ना? म्हणजे मंगळवारपासून धरायचं. मग ती स्कार्फवाली सुटली बाई! सोमवारनंतर ती आलेलीच नाही, मुलीला आजी सोडतायत. मुलीला लस झालीय. नवव्यात आहे गं ती, मार्चअखेरची तारीख आहे. माझ्या पोटात गोळाच आला होता.”

मी मुलाला कपडे घालायला आतल्या खोलीत गेले. मावशी चादरी घड्या करत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, “ताई, ह्ये आजचं न्हाई.”

मी काही बोलले नाही. त्यांनी मुलाला जवळ घेतलं आणि छातीखालचा तो पहिला फोड दाखवला. त्याच्यावर तपकिरी खपली धरू लागली होती. शेजारी पाण्यानं भरलेले, त्यांच्याशेजारी नुसतेच लाल. कांजिण्या एकदम येत नाहीत, लाटांनी येतात. एकाच अंगावर आजचे, कालचे, परवाचे दिसतात. ज्यांनी पोरांना कांजिण्यांतून काढलंय त्यांना ते कॅलेंडरसारखं वाचता येतं.

“दोन दिस झालं असतील,” मावशी म्हणाल्या. “काकूस्नी म्या न्हाई सांगितलं.”

फाटकाशी निळ्या दप्तराची आई आणि बुलेटवाले बाबा उभे होते. मी मुलाला खांद्यावर घेऊन, ओढणीनं झाकून बाहेर पडले. “तुमचाच का? बिचारा,” ती म्हणाली. आणि आवाज खाली आणून, “मावशींच्या तिकडे सुरू आहे म्हणे.” तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मागच्या वेळी मी मान हलवली होती. या वेळी मान हलवली नाही, एवढंच. बोलले काहीच नाही.

रात्री तो झोपल्यावर मी मोबाइलवर वाचत बसले. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागण होते. संपर्क झाल्यावर दहा ते एकवीस दिवसांत पुढच्या माणसाला आजार होतो. आईला बाळंतपणाच्या आधी पाच दिवस ते नंतर दोन दिवस या अवधीत पुरळ उठलं, तर ते नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं, कारण आईच्या अंगात प्रतिद्रव्यं तयार होऊन बाळापर्यंत पोचायला वेळच मिळालेला नसतो. आधी कधी कांजिण्या न झालेल्या गरोदर बाईला प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन देता येतं. जितकं लवकर तितकं बरं, शक्य तर चार दिवसांच्या आत.

मी बोटं मोजली. पुरळ मंगळवारी. म्हणजे रविवार-सोमवारपासून. सोमवारपासून चार दिवस म्हणजे शुक्रवार. उद्या.

फळ्यावर गुरुवार लिहिलेलं होतं. त्या एका शब्दामुळे ती बाई घरी निश्चिंत झोपली होती. मी भांडून लावून घेतलेला नियम, काकूंनी तो तंतोतंत पाळलेला, आणि आत भरलेली तारीख खोटी. ऑगस्टमध्ये मला वाटत होतं की कळवायचं काम पाळणाघराचं असतं. पण फळ्यावर येतं ते कुणाच्या तरी घरातून आलेलं असतं. दात येतायत म्हणणारी ती आई आणि घामोळं म्हणणारी मी, यांत काय फरक होता? असलाच तर एवढाच, की तिला कदाचित खरंच तसं वाटलं असेल.

दहा वाजून गेले होते. काकूंना फोन केला. रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि रडले नाही. सांगितलं, मंगळवारी सकाळी होतं, मला दिसलं होतं. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग काकू म्हणाल्या, “तिचा नंबर देते. नको, थांब. तुझाच तिला देते. तिला काय विचारायचं ते तीच विचारेल.” त्यांनी फोन ठेवला. मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यानंतर कधीच त्या विषयावर बोलल्या नाहीत.

वीस मिनिटांनी अनोळखी नंबर. आवाज शांत होता. तिनं नमस्कार वगैरे केला नाही.

“सोमवारी तुमचा मुलगा माझ्याजवळ आला होता का? मला आठवत नाहीये.”

मला आठवत होतं. सोमवारी सकाळी मी दाराशी बँकेतल्या कुणाशी तरी फोनवर बोलत होते. मुलाच्या सँडलचा पट्टा निघाला होता आणि तो एका पायावर लंगडत माझी ओढणी ओढत होता. ती नवव्या महिन्यातली बाई भिंतीला हात टेकून खाली बसली, त्याचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि पट्टा लावला. तो तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी सांगत राहिला. मी फोनवर बोलत बोलतच हातानं ‘थँक्यू’ची खूण केली होती.

“हो,” मी म्हटलं. “तुम्ही त्याच्या सँडलचा पट्टा लावून दिलात.”

“किती वेळ?”

“पाच मिनिटं. जास्तच असेल. तो बोलत होता तुमच्याशी.”

“स्कार्फ होता माझ्या तोंडावर?”

“खाली ओढला होता तुम्ही. तो हसावा म्हणून.”

“बरं.” मग थोड्या वेळानं, “मला लहानपणी झाल्या होत्या की नाही ते आईला आठवत नाही. आम्ही पाच भावंडं. म्हणते, कुणाला तरी झाल्या होत्या.” आणि फोन बंद झाला.

शुक्रवारी सकाळी तिच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. शनिवारी संध्याकाळी काकूंचा मेसेज आला: तिच्या अंगात प्रतिद्रव्यं आहेत, आधी होऊन गेलेल्या आहेत, इंजेक्शन लागणार नाही. पाच भावंडांतली ‘कुणीतरी’ तीच होती. मधल्या दोन रात्री तिनं कशा काढल्या, ते मी विचारलं नाही. विचारायला मी कोण? मार्चच्या शेवटी तिला मुलगा झाला, हेही काकूंकडूनच कळलं. तिची मुलगी पुन्हा काकूंकडे आली नाही.

मी आठ दिवस बिनपगारी रजा घेतली. साहेब जे बोलायचं ते बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली तर दारात धाकट्या मावशी, हातात लिंबाचा हा मोठा डहाळा. पाळणाघराच्या आधी वाट वाकडी करून आल्या होत्या. आत आल्या नाहीत. “त्याच्या उशाला ठिवा. आन् दाराला बी लावा,” म्हणाल्या. मी त्यांना त्यांच्या नातीबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, “उशीर हुतोय,” आणि जिना उतरून गेल्या. डहाळा मी दाराच्या कडीला अडकवला. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट. समोरच्या आजींनी दार उघडलं, डहाळा पाहिला, काही न विचारता आपल्या नातवाला आत ओढलं आणि संध्याकाळी दारापाशी दहीभाताचा डबा ठेवून गेल्या.

पाळणाघरात परत गेलो तेव्हा फळ्यावरची सूचना अजून होती. काकूंनी पुसली नव्हती, कारण शेवटच्या मुलापासून एकवीस दिवस मोजायचे होते. आणखी तिघांना झाल्या होत्या. ‘गुरुवार दि. 14’ वर काट मारून शेजारी ‘मंगळवार दि. 12’ लिहिलेलं होतं. काट अशी मारलेली की खालचं वाचता येत होतं. निळ्या दप्तराच्या आईनं ते वाचलं असणार, सगळ्यांनीच वाचलं असणार. माझ्याशी बोलणं कुणी सोडलं नाही, पण फाटकापाशी उभं राहून गप्पा मारायला मला नंतर कुणी थांबवलं नाही.

काकूंनी 2020 मध्ये पाळणाघर बंद केलं. सगळ्यांची बंद होती, त्यांनी पुन्हा उघडलंच नाही. तो फळा आता त्यांच्या स्वयंपाकघरात आहे, त्यावर दूध आणि गॅसचा हिशेब असतो.

गेल्या आठवड्यात मुलाच्या शाळेनं सहलीचा फॉर्म पाठवला. त्यात यापूर्वी झालेल्या आजारांचा रकाना होता. कांजिण्या: होय किंवा नाही. होय असल्यास केव्हा. बाकीच्या आईबापांनी नुसतं सालच लिहिलं असेल. मी पेन घेतलं आणि बँकेतल्या अक्षरात तारीख लिहिली, 12 मार्च 2019. तो माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, “तुला वारसुद्धा आठवत असेल ना?”

“मंगळवार,” मी म्हटलं, आणि त्याला सँडल शोधायला पाठवलं.